फक्त मुलाखती घ्यायच्या आहेत, तरी एथिक्सचं ट्रेनिंग कशासाठी?

शोधयात्री

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष, विषय समाजकार्य. डायलिसिसवर असलेल्या पेशंटच्या घरच्यांवर काम करतेय. म्हणजे त्यांना आणणारे-नेणारे, पथ्यपाणी सांभाळणारे, रात्री जागणारे, त्यांच्यावर काय ताण येतो ते बघायचंय. एक प्रश्नावली आणि काही जणांच्या सविस्तर मुलाखती, एवढंच. ना रक्त घ्यायचं, ना औषध द्यायचं.

प्रस्ताव एथिक्स कमिटीकडे पाठवण्याआधी ह्यूमन सब्जेक्ट्सचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांचं, ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करून सर्टिफिकेट जोडायचं, असं गाइडनी सांगितलं. सुरू केलंय. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून आलेली न्यूरेंबर्ग संहिता, मग हेलसिंकी, बेलमाँट, असे या नियमांचे दस्तऐवज एकामागून एक येताहेत आणि प्रत्येक मॉड्यूलच्या शेवटी क्विझ. वाचायला जड नाही, पण नाझी डॉक्टर आणि माझी प्रश्नावली यांचा संबंध मला खरंच लागत नाहीये.

माझ्यासाठी मुलाखती घेणारे दोन एमएचे विद्यार्थी आहेत आणि रेकॉर्डिंग टाइप करून देणारी एक मैत्रीण. त्यांनाही हे करावं लागतं का? आणि ज्यांनी केलंय त्यांना पुढे प्रत्यक्ष कामात यातलं काय उपयोगी पडलं?

आकडेमोड

कामाचं तेवढं सांगतो. बहुतेक कोर्सना दोन वाटा असतात, बायोमेडिकल आणि सोशल-बिहेवियरल. तुम्ही दुसरी घ्या, उदाहरणं जवळची वाटतील. औषधांच्या चाचण्यांना जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) हे ट्रेनिंग लागतं, ते वेगळं. तुम्हाला गरज नाही.

सर्टिफिकेटला मुदत असते. बऱ्याच संस्था तीन वर्षं धरतात. पीएचडी लांबली की ते मध्येच संपतं आणि मुदतवाढीच्या अर्जावर नेमकं तेच अडतं, तेव्हा तारीख लिहून ठेवा. संस्था बदलली तर जुनं चालेलच असंही नाही.

मुलाखती घेणाऱ्यांना करावं लागेल. जो सहभागींशी बोलतो, संमती घेतो किंवा ज्याच्या हाती ओळख पटेल असा डेटा येतो, तो टीममध्येच मोडतो. टाइप करणारी मैत्रीण आवाज ऐकणार, नावं ऐकणार, म्हणजे तीही त्यात आली. तिच्याबाबत काय लागतं ते कमिटीला विचारा. निदान गोपनीयतेचा करार तरी लिहून घ्याच.

जुनी_मुलाखतकार

'ना रक्त, ना औषध' हे आमच्या बैठकीत कोणी ना कोणी म्हणतंच. मी बरीच वर्षं मुलाखती घ्यायचंच काम केलं आणि आता एका एथिक्स कमिटीवर आहे. दोन्हीकडून बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टस्कीगीचं मॉड्यूल येईल तेव्हा घाईने पुढे जाऊ नका. १९३२ ते १९७२, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने अलाबामातल्या मेकन काउंटीतल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर हा अभ्यास केला. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. उपचार न केल्यास आजार कसा वाढत जातो ते बघायचं होतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार ठरला, तरी या माणसांना तो मिळू दिला नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी काढायची तपासणी होती, ती 'खास मोफत उपचार' म्हणून पत्रातून कळवली. एवढं प्रत्येक कोर्समध्ये असतं.

माझ्या डोक्यातून जी जात नाही ती मात्र युनिस रिव्हर्स. या अभ्यासातली नर्स, स्वतः कृष्णवर्णीय. माणसांना गाडीत बसवून तपासणीला आणायची, परत सोडायची, घरच्यांची विचारपूस करायची. डॉक्टर येत-जात राहिले, ती शेवटपर्यंत राहिली. लोक इतकी वर्षं येत राहिले त्यात या ओळखीच्या, आपुलकीने वागणाऱ्या बाईचा वाटा फार मोठा होता. तिने वाईट हेतूने काही केलं असं मला म्हणायचं नाही. पण संशोधन सहभागीपर्यंत पोचतं ते अशाच कोणा माणसाच्या चेहऱ्याने. तुमच्या कामात तो चेहरा त्या दोन एमएच्या विद्यार्थ्यांचा असणार आहे. गाइड आणि पीएचडीवाली यांचं सर्टिफिकेट फाइलला लावलेलं आणि दारात जाणाऱ्या मुलांना काहीच सांगितलेलं नाही, अशा फायली माझ्यापुढे नेहमी येतात आणि मी त्या परत पाठवते.

औषधाशिवाय इजा कशी होते, याचंही उदाहरण आहे. १९६० च्या दशकात लॉड हम्फ्रीज या समाजशास्त्रज्ञाने सार्वजनिक स्वच्छतागृहांत शरीरसंबंधांसाठी एकमेकांना गुपचूप भेटणाऱ्या पुरुषांचं निरीक्षण केलं. गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून घरचे पत्ते काढले आणि साधारण वर्षभराने रूप पालटून आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारले. त्या काळी हे उघड होणं म्हणजे नोकरी गेली, संसार गेला. त्याने नावं फोडली नाहीत. पण त्या कागदांवर कितीतरी जणांचं आयुष्य टांगलेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. कुणालाही सुई टोचलेली नाही.

आता तुमचं युनिट. डायलिसिसला तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, दर खेपेला साधारण चार तास. नातेवाईक त्याच बाकांवर बसतात, सगळे एकमेकांना ओळखतात. तुम्ही नाव काढून 'सहभागी ७' लिहिलंत आणि पुढे लिहिलंत, 'वय ५२, नवरा ट्रकवर होता, मुलगी परगावी, मंगळवार-शुक्रवार सकाळची पाळी'. तिथली कोणतीही सिस्टर क्षणात सांगेल ही कोण. आणि त्याच मुलाखतीत ती बाई म्हणालेली असेल, की कधी कधी वाटतं हे एकदाचं संपावं. तुमच्या प्रबंधासाठी हे वाक्य सोन्यासारखं आहे. आत मशीनला जोडलेल्या तिच्या नवऱ्याच्या कानावर ते गेलं, तर तिच्या घरात काय होईल? गोपनीयतेचं मॉड्यूल वाचताना हे वाक्य समोर ठेवा. पाळी काढून टाका, नवऱ्याचा धंदा बदला किंवा गाळा, वय दहाच्या गटात लिहा. टाइप झालं की रेकॉर्डिंगचं काय करणार आणि कधी, हेही आत्ताच ठरवा.

याच वाक्याची दुसरी बाजू. 'संपावं' म्हणजे पेशंटचं की स्वतःचं? समोरची व्यक्ती जिवाचं बरंवाईट करून घेण्याबद्दल बोलली तर तुमचा विद्यार्थी काय करेल? मुलाखतीआधी त्याने 'तुम्ही सांगाल ते माझ्याजवळच राहील' असं बेधडक सांगितलेलं असेल तर तो अडकला. म्हणून गोपनीयतेची मर्यादा आधीच, रेकॉर्डर चालू करण्यापूर्वी सांगायची. कोणाला फोन करायचा, तो माणूस त्या वेळी उचलणार आहे का, हे मुलांच्या खिशात लिहिलेलं हवं. आणि कोणी रडायला लागलं तर पहिलं काम रेकॉर्डर बंद करणं. 'चालू ठेवू का?' हा प्रश्न नंतर, पाणी दिल्यावर.

संमतीबद्दल. नवखे मुलाखतकार बघते तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. माहितीपत्रक वाचून अजून संपलेलं नसतं आणि पेन समोरच्याच्या हातात गेलेलं असतं. पेन हातात आलं की माणूस सही करतो, कारण दवाखान्यात आजवर त्याने तेच केलेलं असतं. मी मुलांना पेन खिशातच ठेवायला लावते. आधी कागद सावकाश वाचून दाखवायचा. मग विचारायचं, 'मी कशासाठी आलोय ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगाल का?' उत्तर आलं, 'तुम्ही डॉक्टरांकडून आलात, आमच्या पेशंटचं काय ते बघायला', तर पुन्हा पहिल्यापासून. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा हवा.

मिलग्रॅमचा प्रयोग कोर्समध्ये फसवणुकीचं उदाहरण म्हणून येतो. येल विद्यापीठात १९६१ साली सुरू झालेला. समोरच्याचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा झटका द्यायचा, असं सहभागींना सांगितलं होतं. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध फेरीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. समोर कोट घातलेला एक माणूस शांतपणे 'पुढे चालू ठेवा' म्हणत होता, बस. मला हा प्रयोग त्याच्या निष्कर्षासाठी महत्त्वाचा वाटतो. ज्यांचं काहीच अडलेलं नव्हतं त्यांना नाही म्हणता आलं नाही. मग ज्याच्या घरचं माणूस आत मशीनवर आहे, तो पांढऱ्या कोटाला नाही कसं म्हणेल? एका बाईंनी मला वॉर्डाबाहेर हळूच विचारलं होतं, 'मी नाही म्हटलं तर आमचा नंबर मागे जाईल का?' सगळं माहितीपत्रक ऐकून झाल्यावर विचारलं होतं. त्यात 'सहभाग ऐच्छिक आहे' ही ओळ ठळक अक्षरांत होती.

म्हणून माझा आग्रह एकच: नकारांची नोंद ठेवा. नावं नकोत, नुसती संख्या. अशा युनिटमध्ये विचारलेल्या प्रत्येकाने होकार दिलाय असं अहवालात दिसलं, की मी समाधान मानत नाही. आधी विचारते, की लोकांना कुणी बोलावलं, कुठे बसवलं आणि त्या वेळी आजूबाजूला कोण उभं होतं.

रात्रपाळी

वरचं सगळं पटलं, पण ट्रेनिंग सक्तीचं करून हे येतं का? मी रेसिडेन्सीत असताना आम्ही सगळ्यांनी हा कोर्स ड्युटी संपल्यावर पेंगत केला. क्विझ चुकली तर पुन्हा देता येते, ऐंशी टक्क्यांची अट पार होते, सर्टिफिकेट छापून निघतं. संस्थेला कागद मिळतो. उद्या काही झालं तर 'आमच्या माणसांचं ट्रेनिंग झालं होतं' म्हणायला मोकळे. ज्याला माणसाशी नीट वागायचंय तो कोर्सशिवायही वागतो आणि ज्याला नाही त्याला कोर्स काय करणार?

जुनी_मुलाखतकार

@रात्रपाळी, पहिला भाग मान्य. कागदावरच्या नियमांनी माणूस वाचत नाही याचा सर्वांत भयंकर पुरावा जर्मनीचाच आहे. नव्या उपचारांबद्दल आणि माणसांवरच्या प्रयोगांबद्दल तिथल्या सरकारने १९३१ सालीच मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, त्यात संमतीची अटही होती. तरी नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतल्या कैद्यांवर प्रयोग केलेच. त्यासाठी न्यूरेंबर्गमध्ये २३ जणांवर डॉक्टरांचा खटला चालला तो १९४६-४७ मध्ये.

दुसरा भाग मला मान्य नाही. भल्या माणसाला कोर्सची गरज नाही, असं तुम्ही म्हणता. माझा अनुभव असा, की बहुतेक चुका भली माणसंच करतात, कारण त्यांना आपल्या हेतूची खात्री असते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००१ साली एलन रोश ही २४ वर्षांची तरुणी दम्याच्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवक म्हणून सहभागी झाली. तिला हेक्झामेथोनियम हुंगायला दिलं, फुफ्फुसं निकामी झाली आणि ती गेली. या औषधाने फुफ्फुसांना इजा होऊ शकते असे लेख १९५० च्या दशकातच छापून आलेले होते, पण आधी केलेल्या शोधात ते हाती लागले नव्हते. तिथल्या संशोधकांना कोणाचं वाईट चिंतायचं नव्हतं. आणि एक गोष्ट बघा, ती त्याच संस्थेच्या दम्याच्या केंद्रात तंत्रज्ञ म्हणून नोकरीला होती. आपल्याच कर्मचाऱ्याला, विद्यार्थ्याला, पेशंटला विचारताना वेगळी काळजी का घ्यायची, हे कोणीतरी आधी दाखवून द्यावं लागतं. आपलं आपल्याला ते दिसत नाही.

सक्तीच्या बाजूने आणखी एक. ऐच्छिक ठेवलं तर ज्यांना आधीच काळजी आहे तेच येतात. अमेरिकेत एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २००० पासून निधी मागणाऱ्या संशोधनातल्या प्रमुख व्यक्तींना हे शिक्षण बंधनकारक केलं. ऑनलाइन कोर्सचा प्रसार झाला तो त्याच सुमारास. तो इतका क्लिक-क्लिकचा झाला ही खंत माझीही आहे. त्याला माझ्या लेखी उपाय एकच, कोर्सनंतर टीमने आपलाच प्रस्ताव घेऊन बसायचं. एकाने सहभागी व्हायचं, एकाने मुलाखतकार, आणि सहभागी झालेल्याने मुद्दाम 'नाही' म्हणायचं. मुलं गोंधळतात. 'पण फक्त दहा मिनिटं लागतील हो' असं त्यांच्या तोंडून आपोआप निघतं. ते निघालं की तिथे थांबायचं आणि त्यावर बोलायचं. पेंगत केलेल्या क्विझमध्ये हे होत नाही, खरं आहे.

मागचा_बाक

मी संशोधक नाही. वडिलांच्या आजारपणात मला एका अभ्यासात घेतलं होतं, म्हणून लिहितोय. ॲडमिशनच्या वेळी कागदांचा गठ्ठा पुढे आला, मी खुणा केल्या तिथे सह्या केल्या. त्यातला एक कागद संशोधनाचा होता हे मला काही महिन्यांनी फोन आला तेव्हा कळलं. फोनवरचा मुलगा सभ्य होता. घरात कमावते किती, कर्ज काढलं का, वडिलांना किती दिवस त्रास झाला, असं विचारत होता. वडील तोवर गेले होते. त्याला ते माहीत नव्हतं. मी विचारलं हे कशासाठी, तर म्हणाला, 'सर, मला यादी दिलीय, मी फक्त भरून घेतो.' मला माझं नाव काढून घ्यायचं होतं. कागदावरचा नंबर हॉस्पिटलच्या बोर्डाचा निघाला आणि तिथे कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

ताई, तुम्ही घरच्यांनाच विचारणार आहात, तर एवढं बघा: फोन करण्याआधी पेशंट आहे की नाही हे तपासा. आणि बाहेर पडायचं असेल त्याला खरा चालणारा नंबर द्या.

शोधयात्री

@मागचा_बाक, मनापासून आभार, आणि वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. डायलिसिसमध्ये हे कधीही होऊ शकतं आणि माझ्या आराखड्यात दुसऱ्या फेरीआधी चौकशी करायची सोयच नाहीये. ती घालते. नंबर माझा स्वतःचा आणि कमिटीच्या सचिवांचा, दोन्ही देईन.

@जुनी_मुलाखतकार, तुमचं वाचून एक अडचण आत्ता लक्षात आली. युनिटच्या इन्चार्ज सिस्टर खूप मदत करताहेत. त्या म्हणाल्या, 'तू काळजी करू नको, मीच एकेकाला पाठवते, माझ्या शब्दाला कोणी नाही म्हणणार नाही.' त्यांच्याच केबिनमध्ये बसायचीही सोय केलीय. त्यांना दुखवायचं नाही, त्यांच्याशिवाय हे काम होणार नाही. पण हे असं चालेल का?

जुनी_मुलाखतकार

नाही चालणार, आणि तुम्हाला ते कळलंय म्हणून तुम्ही विचारताय.

सिस्टरांचा हेतू चांगला आहे. त्यांना तसंच सांगा, की तुमच्या शब्दाला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणूनच तो शब्द मला वापरता येत नाही. कमिटी हे विचारणार, तेव्हा कमिटीचं नाव पुढे करा, त्यासाठीच ती आहे. त्यांना दुसरं काम द्या: तुमची छोटी चिठ्ठी सगळ्या नातेवाइकांना सरसकट द्यायची, निवडून नाही, आणि वर काही बोलायचं नाही. ज्यांना भाग घ्यायचा असेल ते तुम्हाला फोन करतील किंवा तुम्ही अमुक वारी बाहेर बसाल तिथे येतील. संख्या कमी पडेल. वेळ जास्त धरा, गाइडना आत्ताच तसं सांगून ठेवा.

केबिन नको. युनिटच्या दारातून दिसणार नाही अशी जागा शोधा, पण पेशंटला काही झालं तर हाक ऐकू येईल इतकी जवळ. नाहीतर नातेवाइकाचं अर्धं लक्ष आतच राहील. मुलांनी हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात घालायचं नाही, तुमच्या विभागाचं घालायचं. कोट तर अजिबात नको. दुसऱ्या भेटीला संमती पुन्हा विचारायची, तोंडी विचारलं तरी त्याची नोंद करायची.

चिठ्ठी चार ओळींची पुरे. त्यातली एक ओळ ही असू द्या: भाग घेतला नाही तरी उपचारात किंवा पाळीत काहीही फरक पडणार नाही, आणि कोण हो म्हणालं, कोण नाही, हे युनिटमधल्या कोणालाही कळणार नाही. शेवटचा शब्द पाळता आला पाहिजे, तेव्हा आधी जागा पक्की करा, मग चिठ्ठी छापा. मसुदा झाला की इथे टाका, हॉस्पिटलचं नाव काढून. मी बघते.